ती काळी बाटली उघडण्याआधी

काल रात्री तू फोनवर आवाज एकदम खाली आणून म्हणालीस, "ताई, एक विचारू? आईला सांगणार नाहीस ना?" माझ्या पोटात गोळाच आला. नवीन देश, नवीन नोकरी, थंडीचे दिवस, एकटी राहतेस. काय काय येऊन गेलं डोक्यात. मग कळलं की ऑफिसातल्या मैत्रिणीने वाढदिवसाला एक बिअरची बाटली दिलीय, तिच्यावर केबीएस लिहिलंय, आतलं सगळं काळंकुट्ट दिसतंय, आणि कशी वाटली हे ती सोमवारी विचारणार आहे. मुलं झोपायची होती, म्हणून मी काल घाईत फोन ठेवला. आज निवांत लिहितेय. तूही निवांत वाच.

सगळ्यात आधी हे ऐक. प्यावीशी वाटत नसेल तर पिऊ नकोस. बाटली दुसऱ्या कुणाला देऊन टाक आणि मैत्रिणीला सरळ सांग की मी घेत नाही, पण तू आठवणीने दिलीस ते फार आवडलं. मी इथे सतरा वर्षं राहतेय, नकोसं झालं तेव्हा नको म्हणाले, आणि तेवढ्यावरून कुणी मैत्री तोडली नाही. दारू तब्येतीला चांगली असते असं तुला कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्टच सांगितलं की दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. हे सगळं माहीत असूनही तुला चाखून बघायचं असेल, कुतूहल म्हणून, तर मी तुझ्याबरोबर आहे. मग मात्र ती चांगली चाख. मी पहिल्यांदा जशी प्यायले तशी नको.

ते तुला कधी सांगितलं नव्हतं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. ऑफिसच्या जेवणाला अशीच एक कॉफीची, पिंपात मुरवलेली काळी बिअर आली. बर्फासारखी थंड. मी भुकेली होते, दुपारी घाईत अर्धं सँडविच खाल्लं होतं. सगळे 'व्हॅनिला', 'बर्बन', 'डार्क चॉकलेट' म्हणत होते. मला गार आणि कडू यापलीकडे काही कळत नव्हतं. आपल्याला कळत नाही हे कुणाला कळू नये म्हणून मीही मान डोलवत होते आणि पाणी प्यावं तशी पीत होते. एक ग्लास, मग दुसरा. बिअरच तर आहे, असं मनात. अर्ध्या तासाने उभी राहायला गेले तर पाय माझे नव्हते. एका सहकारी बाईंनी घरी आणून सोडलं, रात्रभर फोन करून चौकशी केली. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण ती रात्र आठवली की अजून अंगावर काटा येतो, कारण माणसं चांगली होती म्हणून निभावलं.

म्हणून आधी हिशेब समजून घे. साधी बिअर पाच टक्क्यांची असते. तुझ्या हातातली साधारण बारा टक्क्यांची आहे, म्हणजे जवळजवळ वाइनइतकी. इथे एक 'ड्रिंक' मोजतात ते 355 मिलिलिटर साध्या बिअरचं. तुझी बाटलीही तेवढीच, पण तिच्यात जवळजवळ अडीच ड्रिंक आहेत. याच जातीच्या काही बाटल्या अर्ध्या लिटरच्या आणि चौदा टक्क्यांच्या असतात. त्या एकटीने संपवल्या तर चार ड्रिंक झाली. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू आपल्याला जास्त चढते. आणि कॉफी आहे म्हणून डोकं ताळ्यावर राहील, असं अजिबात धरून चालू नकोस. कॉफीने फार तर झोप उडते, रक्तातली दारू तेवढीच राहते. सर्दीची, ॲलर्जीची, झोपेची कुठलीही गोळी चालू असेल तर त्या दिवशी बाटलीला हातच लावू नकोस.

आता ती बाटली म्हणजे काय ते सांगते. हे मला आवडतं म्हणून जरा लांबण लागेल.

आई आपल्याला नाचणीचं सत्व कसं करून द्यायची आठवतंय? नाचणी भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवायची, भाजायची, दळायची. बिअरची सुरुवात अगदी तीच, फक्त नाचणीऐवजी सातू. मोड आणून वाळवलेल्या सातूला माल्ट म्हणतात. त्यातले बरेचसे दाणे फिकेच ठेवतात, पण थोडे कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजतात. थालीपिठाची भाजणी करताना एक मूठ करपली तर आई सगळा घाणा बाजूला काढायची. इथे ती मूठ मुद्दाम करपायच्या काठावर नेतात, आणि तेवढ्याने सगळ्या पातेल्याचा रंग पालटतो. 1817 साली इंग्लंडमध्ये डॅनिएल व्हीलर नावाच्या माणसाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. ते यंत्र कॉफी भाजायच्या यंत्रासारखंच होतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यातून कळतं की स्टाउट नावाच्या या काळ्या बिअरमध्ये कॉफीचा एक दाणा न घालताही कॉफीचा वास का येतो. दाणा सातूचा असो की कॉफीचा, त्या आचेवर दोघांना मिळताजुळता वास सुटतो.

तुझी बाटली त्याच्याही पुढची. ती 'इम्पीरियल' स्टाउट, म्हणजे जास्त धान्याची, दाट आणि तेज. अठराव्या शतकात लंडनच्या भट्ट्यांतून अशी जड काळी बिअर रशियाच्या दरबाराला जायची, तिथून हे नाव चिकटलं. केबीएस बनते मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्स गावात, फाउंडर्स नावाच्या कारखान्यात. तिच्यात कॉफी आणि चॉकलेट घालतात आणि मग वर्षभर बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, रिकाम्या पिंपांत मुरवतात. तिचं जुनं पूर्ण नाव 'केंटकी ब्रेकफास्ट स्टाउट'. त्यातलं केंटकी आलं ते या बर्बनवरून. ती पिंपं जमिनीखाली 85 फुटांवर, जिप्समच्या जुन्या खाणींत ठेवतात. जिप्सम म्हणजे ज्याचं प्लास्टर ऑफ पॅरिस होतं ते. उन्हाळा असो की बर्फ, खाली बारा महिने एकसारखा गारवा. आपल्याकडे लोणच्याची बरणी अंधाऱ्या कोनाड्यात ठेवायचे, तसंच.

पण ही रीत सुरू झाली ती आपल्या शिकागोत. इथल्या गूज आयलंडवाल्यांनी 1990 च्या दशकात बर्बनच्या पिंपांत स्टाउट मुरवून बघितली. तिला ते बर्बन काउंटी म्हणतात. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती विकायला येते, आणि लोक कानटोप्या घालून पहाटेपासून दुकानांबाहेर रांगा लावतात. 2010 मध्ये त्यांनी तिची कॉफी घातलेली बाटली काढली, कॉफी इथल्याच इंटेलिजेन्शिया नावाच्या कॉफीवाल्यांची. थँक्सगिव्हिंगनंतरच्या त्या शुक्रवारी तुला ती रांग दाखवीन. लांबूनच. बोचऱ्या थंडीत उभं राहायची माझी तयारी नाही.

ही रिकामी पिंपं एवढी येतात कुठून, असं तू विचारशीलच. अमेरिकेचा कायदा सांगतो की बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका हवा आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायची. कोऱ्या म्हणजे कोऱ्याच. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. साधारण दोनशे लिटरचं, चांगल्या लाकडाचं पिंप एका फेरीनंतर कामातून जातं, मग ते कुणी स्कॉटलंडला व्हिस्कीसाठी नेतं, कुणी बिअरसाठी. आतून जाळतात म्हणजे खरंच आग लावतात. बहुतेक वेळा त्याला मिनिटही लागत नाही. त्या आचेने लाकडातली साखर भाजून निघते, आणि लाकडाला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन फुटून त्यातून व्हॅनिलिन तयार होतं, तेच जे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं. ओकमधल्याच दुसऱ्या एका घटकाला ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो. मग पहिल्या घोटाला व्हॅनिला जाणवला तर कुणी इसेन्स ओतलाय असं समजू नकोस. तो वास बहुतेक जळलेल्या लाकडाचा.

यातली कॉफी मात्र फार हळवी असते बघ. पिंपाचा वास, गोडवा, दाटपणा वर्षानुवर्षं टिकतो, उलट आणखी गोल होत जातो. कॉफीचा ताजा वास मात्र सगळ्यात आधी उडतो. फार दिवस ठेवली तर काही बाटल्यांत कॉफीच्या जागी हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येऊ लागतो. मी एकदा तो घेतलाय, बरं वाटत नाही. लोक तुला सांगतील की पिंपातली बिअर जपून ठेव, पाच वर्षांनी उघड. नुसती पिंपातली असेल तर जरूर ठेव. कॉफीची ठेवू नकोस. कॉफीसाठी घेतली असेल तर वर्षाच्या आत उघडावी, असं माझं ठाम मत आहे. बाटलीवर तारीख असेल, ती आधी बघ.

आणि आता मला खरं जे सांगायचंय ते.

त्या फजितीनंतर मी दोन-तीन वर्षं या वाटेला गेले नाही. मग हळूहळू तुझ्या भावोजींबरोबर, घरी, थोडी थोडी घेऊ लागले. घोटभर घ्यायची, ग्लास ठेवायचा, वास घ्यायचा. तरी तोंडात शब्द दुसऱ्यांचेच. मोलॅसिस, टॉफी, प्लम. मोलॅसिस मी कधी चाखलंच नव्हतं. ते शब्द म्हणताना परीक्षेला पाठ केलेली उत्तरं लिहितेय असंच वाटायचं. आईपासून हे सगळं लपवलं होतं, ते तर वेगळंच ओझं.

मग आई इथे आली. एका रविवारी सकाळी मी वर होते, आणि रात्रीचा एक ग्लास तसाच ओट्यावर राहिला होता, तळाला काळा थेंबभर थर वाळलेला. खाली आले तर आई ग्लास नाकाशी धरून उभी. माझं काळीज लक्कन हललं. म्हटलं, आता ऐकावं लागणार. तिने परत एकदा हुंगला आणि म्हणाली, "हे काय गं? गुऱ्हाळात शिरल्यासारखं वाटतंय. काकवी लागलीय का तळाला?"

कागलजवळ मामाच्या गावचं गुऱ्हाळ तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. चुलवाणात चिपाडं ढणाढणा जळायची, काहिलीत रस फसफसायचा, गुळव्या वरची मळी काढत राहायचा. पाक गुळाला यायच्या जरा आधी मामा पितळी वाटीत काकवी काढून द्यायचा. गरम, काळपट, गोड, आणि मागे जराशी करपल्याची कडू चव. वर धुराचा वास. आईने थेंबभर न चाखता, नुसत्या वासावर, तीन वर्षं मला न सापडलेला शब्द सांगितला. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि तिला सगळं सांगून टाकलं. ती थोडा वेळ बोलली नाही. आवडलं नाहीच तिला, अजूनही आवडत नाही. पण लपवलंस याचं जास्त वाईट वाटलं, एवढंच म्हणाली. म्हणून तूही तिला तुझ्या वेळेने सांग. मी सांगणार नाही, पण लपवायला मदतही करणार नाही.

त्या दिवसानंतर मी उसने शब्द सोडले, आणि तुलाही तेच सांगणं आहे. सोमवारी मैत्रिणीने विचारलं तर पुस्तकी शब्द शोधू नकोस. काकवी सांग. दुधाचं पातेलं तळाला लागल्यावर जी खरवड निघते ती सांग. मोठ्या आईच्या कॉफीत जायफळ उगाळलेलं असायचं, तो वास आला तर तो सांग. तुला जुनी शिसवी पेटी उघडल्यासारखं वाटलं तर तेच म्हण. तिला काकवी माहीत नसेल तर समजावून सांग. तिलाही एक नवी चव कळेल. आपण भाजण्या, पाक, फोडण्या, मसाले यांच्या वासात वाढलो गं. वास ओळखायचं आपल्याला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही, फक्त लाजायचं सोडायला हवं.

चाखायचं कसं, तेही सांगते. बाटली फ्रीजमधून काढून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायची. थंडपणात सगळे वास गोठून बसतात आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. माझं त्या रात्री तेच झालं होतं. दहा ते तेरा अंशांच्या आसपास आली की बरोबर. हाताला गार लागावी, बोचू नये. तोंडाशी निमुळता असलेला कुठलाही ग्लास चालेल, आणि त्यात तळाशी दोन-तीन बोटं, बस. ओतताना रंग बघ, उजेडासमोर धरलास तरी आरपार दिसणार नाही, वर फेस मात्र कोको घातलेल्या दुधासारखा तपकिरी. तो पटकन बसला तर काळजी करू नकोस, एक तर दारू जास्त, त्यात कॉफीतलं तेल, फेस टिकत नाही.

मग वास. खोल श्वास ओढू नकोस, नुसती दारू नाकात झणकेल. फूल हुंगतो तसे छोटे छोटे श्वास घे. त्यानंतर पोह्याच्या चमच्याएवढा घोट, जिभेवर सगळीकडे फिरू दे, गिळ, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोड. खरी चव तिथे येते. पानाचा विडा खाल्ल्यावर श्वासातून बडीशेप जाणवते ना, तशी.

पहिला घोट सोडून दे. त्यात फक्त छातीत उतरणारी ऊब कळते. दुसऱ्या-तिसऱ्यापासून एकेक जण ओळख देऊ लागतो. कॉफी बहुतेक वासातच पुढे येते, किंचित आंबूस, फळासारखी. गोडवा जिभेच्या मध्यावर बसतो. भाजलेल्या सातूचा कोरडा कडूपणा शेवटी उरतो, भाजलेल्या शेंगदाण्याची सालं चावल्यासारखा. आणि सगळं गिळून झाल्यावर, मिनिटभराने, व्हॅनिला आणि लाकूड. ते शेवटचं आलं की मला फार शांत वाटतं.

मी एक गंमत करते, तीही करू. शेजारी तीन-चार वाट्या मांडायच्या. एकीत बिनसाखरेची कोरी कॉफी, एकीत कोल्हापुरी गुळाचा खडा, एकीत उगाळलेलं जायफळ, एकीत भाजणीचं कोरडं पीठ. एकदा ग्लास हुंगायचा, एकदा वाटी. गुंतलेला वास कसा सुटा होत जातो बघ. बरोबर खायला लोक चॉकलेट किंवा मुरलेलं चीज सुचवतात, ते छान लागतं. पण मला विचारशील तर गुळपोळी. भाजलेल्या तिळाचा खमंगपणा आणि कडेचा कडक झालेला गूळ या बिअरच्या इतका जवळचा आहे की दुसरं काही नको वाटतं. मिसळ किंवा तिखट चिवडा मात्र अजिबात नको. तिखटावर दारू पडली की दोन्ही आगी एक होतात.

आणि माझं म्हणणं असं की एकटीने, तुझ्या त्या खोलीत, सोमवारच्या दडपणाखाली उघडू नकोस. शनिवारी बाटली घेऊन माझ्याकडे ये. गाडी आणू नकोस, मेट्रा रेल्वेने ये, रात्री इथेच राहा. भावोजी आता घेत नाहीत, ते स्टेशनवर न्यायला येतील आणि मुलांकडेही बघतील. आपण दोघींत एकच बाटली, म्हणजे तुझ्या वाट्याला ड्रिंकभराहून थोडी जास्त, तीही दोन तासांत, मध्ये मध्ये पाणी पीत. नाही आवडली तर उरलेली सिंकमध्ये ओतू, मला काही वाटणार नाही.

आधी जेवून घेऊ. मी साधा वरणभात, तूप, बटाट्याची भाजी करीन, आणि फोडणी पाच वाजताच उरकून खिडक्या उघडून ठेवीन, नाहीतर घरभर हिंगच. दिवा लावीन, उदबत्ती त्या दिवशी नाही. तूही येताना अत्तर लावू नकोस. बाटली मफलरमध्ये नीट गुंडाळून आण, आणि तुझ्या शेजारच्या दुकानात चांगलं जायफळ मिळतं ना, त्यातलं एक घेऊन ये. माझ्याकडचं संपलंय.